शेजारच्या मालाचा भाव

(नायगाव, जि. नांदेड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



नायगावच्या नावापुढे ‘बाजार’ हा शब्द जोडण्याची जुनी रीत आहे. ज्या गावाने आपल्या नावातच बाजाराला जागा दिली, त्या गावाला भाव म्हणजे काय हे कोणी बाहेरून येऊन शिकवावे, असे मुळीच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन, संक्रांतीच्या पुढे तूर आणि शिमग्याच्या आगेमागे हरभरा मोंढ्यात येतो. शेतकरी मांजरमचा असो, बरबड्याचा असो की कुंटूरचा, माल उतरवता उतरवता आडत्याला त्याचा पहिला प्रश्न एकच असतो : आज काय भाव निघाला? हा प्रश्न तो आपल्या मालाविषयी विचारतो. सोयाबीन आणले असेल तर सोयाबीनचा, तूर आणली असेल तर तुरीचा. त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु त्याला मिळणारे उत्तर मात्र पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या मालाने ठरवलेले असते. तो माल त्याने पेरलेला नसतो, बहुधा पाहिलेलाही नसतो आणि त्याचा भाव विचारण्याचे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हा विषय ‘मागणीची छेदक लवचिकता’ अशा काहीशा धास्ती घालणाऱ्या नावाने भेटतो. परीक्षेपुरती व्याख्या पाठ केली जाते आणि निकाल लागला की विसरलीही जाते. वस्तुतः ज्या घरात दर महिन्याला वाणसामानाची यादी होते, त्या घरातील गृहिणीला ही लवचिकता व्याख्येवाचून ठाऊक असते. भाव बदलला की मागणी किती बदलते, या प्रमाणाला लवचिकता हे नाव रूढ केले ते इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी, १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. छेदक लवचिकता ही त्याच कल्पनेची पुढची पायरी. भाव हलतो एका वस्तूचा, आणि मागणी हलते दुसरीचीच.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा, तुरीची डाळ किलोला १२० रुपयांवरून १५० रुपये झाली, म्हणजे २५ टक्क्यांनी महागली. मसुरीचा भाव होता तोच राहिला. ज्या एकत्र कुटुंबात महिन्याला दोन किलो मसूर येत असे, तेथे ती आता अडीच किलो येऊ लागली. म्हणजे मसुरीची मागणीही २५ टक्क्यांनी वाढली. मागणीतील वाढीला भावातील वाढीने भागले की उत्तर एक येते. हे उत्तर धन आहे, याचा अर्थ तूर आणि मसूर या त्या घरापुरत्या पर्यायी वस्तू आहेत. आता चहापत्ती २० टक्क्यांनी महागली, म्हणून दुपारचा एक चहा बंद झाला आणि साखरेचा खप चार टक्क्यांनी उतरला, तर उत्तर उणे ०.२ येते. चहा आणि साखर या पूरक वस्तू. मीठ महागले म्हणून कोणी गोडेतेल जास्त घेत नाही. तेथे उत्तर शून्याजवळ. धन, ऋण आणि शून्य, एवढ्या तीन खुणांत बाजारातील सारी नाती बसतात.

नाती म्हटली की त्यात माया येते, सवय येते आणि अभिमानही येतो. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली काही माणसे आजच्या सभेतही असतील. त्या वर्षी परदेशातून आलेली तांबडी मिलो या भागाने खाल्ली. ज्वारीला तो पर्याय होता, आणि स्वस्तही होता. पण दुष्काळ सरल्यानंतर मिलोची भाकरी कोणी मागून घेतल्याचे ऐकिवात नाही. पोटाने स्वीकारलेला पर्याय जिभेने कधीच स्वीकारला नव्हता. पर्यायी वस्तू हा दर्जा कायमचा नसतो, आणि तो केवळ भावाने मिळत नाही, हे त्या एका उदाहरणात पुरेसे दिसते.

तुरीच्या डाळीचेही तसेच आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या अनेक शहरांत तुरीची डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. मराठवाड्याच्या स्वयंपाकघराने त्या दिवसांत वरण पातळ केले, आमटीत मसूर मिसळली, आठवड्यातून दोन दिवस पिठल्यावर भागवले. पण तूर सोडली नाही. पुढच्याच हंगामात शेतकऱ्याने ऊर फुटेस्तोवर तूर पेरली. २०१६-१७ चे पीक इतके आले की ५,०५० रुपयांचा हमीभाव बाजारात मिळेना आणि खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. ग्राहक तुरीला चिकटून राहिला, शेतकरी मात्र भावामागे धावला. या दोघांच्या वागण्यातील हे अंतर लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पुढील सारी कथा त्याच अंतरात घडते.

न विचारता झालेली अदलाबदल

प्रश्न असा की, घरची गृहिणी जर इतकी एकनिष्ठ असेल, तर परक्या मालाने येथल्या मालाचा भाव पडतोच कसा? याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडत नाही. ते सापडते डाळ मिलमध्ये, फरसाणाच्या कारखान्यात आणि कोंबडीखाद्याच्या गिरणीत.

पिवळ्या वाटाण्याचे उदाहरण घ्यावे. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खरिपाच्या डाळी हातच्या गेल्या, भाव चढू लागले. त्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त केली. त्यापूर्वी, २०१७ च्या नोव्हेंबरपासून या वाटाण्यावर ५० टक्के शुल्क होते आणि पुढे त्याच्या आयातीवर कडक निर्बंधही होते. आता कॅनडा आणि रशियातून जहाजे भरभरून येऊ लागली. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात सुमारे २० लाख टन पिवळा वाटाणा देशात उतरला. हरभऱ्याच्या तुलनेत तो क्विंटलमागे दीड-दोन हजार रुपयांनी स्वस्त पडत होता.

नायगावातील कोणत्या घरात त्या वर्षी हरभऱ्याऐवजी पिवळा वाटाणा शिजला? क्वचितच. पुरणपोळीला हरभऱ्याचीच डाळ लागली आणि झुणक्याला बेसनच लागले. तरीही अदलाबदल झाली. ती पिठात झाली. शेव, भजी, पापडी, गाठी या पदार्थांत वाटाण्याचे पीठ हरभऱ्याच्या पिठाशेजारी सहज बसते. तळून निघाल्यावर रंगाने आणि चवीने ते ओळखणे चांगल्या सुगरणीलाही अवघड जाते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बेसन म्हणजे केवळ हरभऱ्याच्या डाळीचे पीठ; त्यात दुसरे पीठ मिसळून ते बेसन म्हणून विकता येत नाही. पण वाटाण्याच्या पिठाचे फरसाण करून ते फरसाण म्हणूनच विकण्यास कोणाची आडकाठी नाही. ग्राहकाने आपली निवड बदललीच नाही. त्याच्या वतीने ती कारखानदाराने बदलली. घरातील छेदक लवचिकता शून्याजवळ आणि कारखान्यातील ती फार मोठी, अशी ही स्थिती. बाजाराचा भाव मात्र दोन्ही मागण्या मिळून ठरतो, आणि जी मागणी चटकन सरकते तीच भावाला ओढून नेते.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. हरभऱ्याचा भाव एकट्या वाटाण्याने दाबला, असे म्हणता येणार नाही. मे २०२४ मध्ये हरभऱ्यावरचेही आयात शुल्क काढले गेले आणि ऑस्ट्रेलियाचा हरभरा आला. देशातले पीकही पुढच्या वर्षी बरे झाले. २०२५ च्या हंगामात ५,६५० रुपयांच्या हमीभावाच्या आसपास हरभरा घुटमळत राहिला, त्याला ही सारी कारणे आहेत. तसेच, डाळ महाग झाली की सर्वांत आधी ताट रिकामे होते ते भूमिहीन मजुराचे. तो मजूरही नायगावचाच असतो. त्याच्यासाठी आयात करणे हे पाप नव्हे.

दोष आहे तो वेळेचा. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आटोपते. बियाणे मातीत गेल्यावर, ८ डिसेंबरला दार उघडले. ते आरंभी मार्च २०२४ पर्यंत उघडे राहणार होते. मुदत एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली, वाढतच राहिली. अखेर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागू झाले. मधल्या काळात दोन रब्बी हंगाम निघून गेले. शेतकरी वर्षातून एकदाच निर्णय घेतो आणि तो त्याला परत घेता येत नाही. अधिसूचना एका रात्रीत निघते आणि एका रात्रीत फिरवताही येते. या दोन गतींचा मेळ कोणत्याही सरकारला आजवर नीट घालता आलेला नाही. वाटाणा हा हरभऱ्याचा पर्याय आहे हे ज्या कार्यालयात शुल्क ठरते तेथे माहीत असते, म्हणूनच तर शुल्क काढले जाते. ते माहीत नसते फक्त पेरणाऱ्याला.

तुरीची गोष्टही फारशी निराळी नाही. २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेलेली तूर २०२५ मध्ये ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली उतरली. मोझांबिक, म्यानमार येथून येणारी तूर २०२१ पासून मुक्तपणे येत होतीच. शेजारी वाटाण्याचे ढीग पडले.

उसाचा रस आणि सोयाबीनचा भाव

पर्याय कसा लांबून येतो, याचे याहून विलक्षण उदाहरण सोयाबीनचे आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांचा खरीप आज सोयाबीनवर उभा आहे, आणि लातूरच्या बाजारात निघणाऱ्या भावाकडे साऱ्या मराठवाड्याचे डोळे असतात. म्हणून या उदाहरणापाशी थोडे थांबले पाहिजे.

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो. परंतु शंभर किलो सोयाबीन गाळले तर तेल निघते अठरा किलोच्या आसपास. उरते ती पेंड. म्हणजे सोयाबीन हे मुख्यतः पेंडीचे पीक आहे, आणि त्या पेंडीचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कोंबडी. शेतकरी तेलाच्या भावाच्या बातम्या वाचतो, पण त्याच्या पोत्याचा मोठा भाग ज्या दाराने विकला जातो, ते कोंबडीखाद्याचे दार आहे. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन काही बाजारांत दहा हजारांपर्यंत पोहोचले, तेव्हा ओरड झाली ती तेल खाणाऱ्यांपेक्षा कोंबड्या पाळणाऱ्यांची. ऑगस्ट २०२१ मध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी मिळाली, आणि नवे पीक मोंढ्यात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आले.

आता पुढचा दुवा. कोंबडीच्या खाद्यात दोन मुख्य घटक असतात : ऊर्जेसाठी मका आणि प्रथिनांसाठी सोयापेंड. हे दोन्ही एकत्र लागतात, म्हणून ते परस्परांना पूरक. कोंबड्या वाढल्या तर मक्याचीही मागणी वाढते आणि सोयापेंडीचीही. वर्षानुवर्षे मका आणि सोयाबीन यांचे नाते असे सख्ख्या भावांचे होते.

२०२३ च्या त्याच कोरड्या ऑगस्टने उसाचेही पीक घटवले. साखर कमी पडू नये म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे वाटाण्याचे दार उघडण्याच्या आदल्याच दिवशी, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल तर हवेच होते. ते मक्यापासून होऊ लागले. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते आणि मागे सुमारे ३०० किलो चोथा उरतो. हा चोथा ‘डीडीजीएस’ या आद्याक्षरांनी बाजारात ओळखला जातो. मक्यातले पिष्ट इथेनॉलमध्ये गेल्यामुळे त्यात प्रथिने दाटून येतात. इथेनॉल हे कारखान्याचे मुख्य उत्पन्न; चोथा येईल त्या भावाने विकायचा असतो. कोंबडीखाद्याच्या गिरण्यांनी सोयापेंड कमी केली आणि हा चोथा घेतला.

म्हणजे झाले काय? दाण्याच्या रूपात जो मका सोयाबीनचा जोडीदार होता, तोच चोथ्याच्या रूपात त्याचा प्रतिस्पर्धी झाला. पुस्तकात पूरक आणि पर्यायी असे दोन स्वतंत्र रकाने असतात. येथे एकच पीक एका दाराने पूरक म्हणून आले आणि दुसऱ्या दाराने पर्यायी म्हणून. पेंडीचा उठाव मंदावला, आणि २०२४ च्या दिवाळीत लातूर-नांदेडच्या मोंढ्यांत सोयाबीन चार हजार ते साडेचार हजारांत रेंगाळले. हमीभाव होता ४,८९२ रुपये. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, ही अट नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली खरी. पण घरात लग्न आणि सावकाराचा तगादा असलेल्या माणसाने तोवर माल काढून टाकलेला होता.

याच हंगामाच्या तोंडावर, सप्टेंबर २०२४ मध्ये, सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. उपकर धरून ते साडेसत्तावीस टक्के झाले. शेतकऱ्याच्या हिताचाच तो निर्णय होता आणि त्याने तेल महागलेही. मग सोयाबीन का चढले नाही? कारण शुल्काने उचलले ते पोत्यातल्या अठरा किलोंना. उरलेल्यांना डीडीजीएस खाली ओढत होता. एका हाताने वर आणि दुसऱ्याने खाली, अशी ओढाताण झाली आणि वजन खालच्या हाताकडे अधिक होते. पुढे ३० मे २०२५ रोजी ते मूळ शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले.

उसाच्या रसावर निर्बंध येतात आणि त्याची किंमत सोयाबीनवाला मोजतो. हे शहाण्या माणसालाही एका दमात पटणारे नाही. पण ही साखळी एकेक कडी धरून तपासली, तर तिच्यात कोठेही तुटलेला दुवा सापडत नाही.

हत्ती आणि मुंगी

खाद्यतेलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. छेदक लवचिकता दोन्ही दिशांनी सारखी नसते. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला करडई हमखास असे. जवस, कारळ आणि भुईमूगही असे. गावच्या घाण्यावर करडईचे तेल निघे आणि भाजीला तेच लागे. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कासह खुली झाली; चार वर्षांत तेलांवरचे शुल्क १५ टक्क्यांपर्यंत उतरले. स्वस्त तेल हॉटेलांत, बेकऱ्यांत आणि पुढे घरांतही आले. करडई मागे सरली. अर्थात तिच्या माघारीचा सारा दोष पामतेलावर टाकणे बरोबर नाही. करडईचे काटे ज्याने सोसले आहेत, त्याला ठाऊक आहे की दवाने काटे मऊ असतात तोवर, पहाटेच ती काढावी लागते. आणि पहाटे काट्यात उतरणारा मजूर दिवसेंदिवस मिळेनासा झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे चांगले वाण दिले, तरी मजुरीचा आणि भावाचा प्रश्न वाणाने सुटत नाही.

येथे पाहण्यासारखे हे की, पामतेल दहा टक्क्यांनी स्वस्त झाले तर करडईच्या तेलाची मागणी ढासळते. पण करडईचे तेल दुप्पट महाग झाले तरी पामतेलाच्या बाजाराला त्याची वार्ताही लागत नाही. हत्तीने कूस बदलली तर मुंगीचे वारूळ जाते, मुंगीच्या हालचालीने हत्तीची झोप मोडत नाही. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, ती बंदी मे महिन्यातच उठली. पण त्या तीन-साडेतीन आठवड्यांत येथल्या वाण्याच्या दुकानातील प्रत्येक तेलाचा भाव त्या बातमीकडे पाहत होता. त्याआधी दोन महिने युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल अडवले होते, तेव्हाही हेच झाले.

या नात्याने सरकारचेही हात बांधलेले आहेत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात भारताने पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा राखली, पण सोयातेलावर ती फक्त ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवली. कागदावर पामतेलाला अडवण्यासाठी भली उंच भिंत उपलब्ध आहे. प्रत्यक्षात ती भिंत तेवढी उंच बांधून उपयोग नाही. कारण पामतेल अडले की अर्जेंटिना आणि ब्राझीलचे सोयातेल शेजारच्या बुटक्या भिंतीवरून आत येईल, आणि ते तर मराठवाड्याच्या सोयाबीनचे थेट प्रतिस्पर्धी. दोन वस्तू एकमेकींच्या पर्यायी असल्या की संरक्षणाची उंची बुटक्या भिंतीइतकीच राहते. करार करताना कोणी पर्यायी वस्तूंचा हा साधा नियम विचारात घेतला असता, तर तेलबियांचा इतिहास वेगळा झाला असता असे मानण्यास जागा आहे.

विक्रीकडून थोडे खरेदीकडे वळू. शेतकरी हा खताचा ग्राहक आहे, आणि तेथे ही नाती त्याच्या जमिनीवर उठली आहेत. एप्रिल २०१० मध्ये खतांचे अनुदान अन्नद्रव्यांच्या हिशेबाने देण्याचे धोरण आले. स्फुरद आणि पालाश यांच्या खतांचे भाव मोकळे झाले. युरियाचा भाव मात्र सरकारने बांधूनच ठेवला. पूर्वी पावणेपाचशेच्या आत मिळणारे डीएपीचे पोते दोन-अडीच वर्षांत बाराशेच्या आसपास गेले. युरियाचे पोते तीनशेच्या आतच राहिले. शेतकऱ्याने कोणत्याही समंजस ग्राहकाने केले असते तेच केले. महाग पोते कमी घेतले, स्वस्त पोते जास्त घेतले. देशातले नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण २००९-१० मध्ये सुमारे ४:२:१ होते, ते २०१२-१३ मध्ये ८.२:३.२:१ झाले.

पिकाच्या दृष्टीने नत्र आणि स्फुरद हे पूरक आहेत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. खिशाच्या दृष्टीने मात्र ते पर्यायी ठरले. भावांची रचनाच अशी केली गेली की, जे जमिनीत एकत्र यायला हवे ते दुकानात एकमेकांसमोर उभे राहिले. पुढे डीएपीचे पोते १,३५० रुपयांवर आणि युरियाचे ४५ किलोंचे पोते २६६ रुपये ५० पैशांवर ठरवले गेले. अंतर कायम राहिले. ‘शेतकऱ्यांनी युरियाचा अतिरेक टाळावा’ असे फलक कृषी कार्यालयांत लागतात. फलकाने सांगितलेली गोष्ट पोत्यावरचा भाव खोडून काढत असेल, तर कोणाचे ऐकले जाईल हे वेगळे सांगायला नको.

शिधापत्रिकेच्या दुकानाविषयीही थोडे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला. जानेवारी २०२३ पासून तो विनामूल्य झाला. गरिबाच्या घरी चूल पेटली, ही मोठी गोष्ट आहे. पण पर्यायी धान्याचा भाव शून्य झाल्यावर खरिपाच्या ज्वारीने कोणाशी स्पर्धा करावी? ज्वारी गेली की तिच्यासोबत कडबा जातो, आणि कडबा गेला की बैल. माणसाच्या ताटातील अदलाबदल गोठ्यापर्यंत पोहोचते ती अशी.

मग शेतकऱ्याने करायचे तरी काय, असा प्रश्न सभेत उठणे स्वाभाविक आहे. एक उपाय अगदी हाताशी आहे. सोयाबीन घरात ठेवायचे की विकायचे, हे ठरवताना केवळ सोयाबीनचा भाव न विचारता पेंडीचा, मक्याचा आणि डीडीजीएसचाही विचारावा. तूर-हरभरा ठेवायचा असेल तर वाटाण्याच्या शुल्काची मुदत कधी संपते ते पाहावे. या बातम्या आज भ्रमणध्वनीवर येतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि गावातल्या शिकलेल्या मुलांनी त्या मोंढ्याच्या फळ्यावर लिहिल्या, तर आडत्याच्या तोंडी भावावर तेवढीच सोबत होईल. यातून भाव वाढेल असे नाही. घाईने होणारा तोटा काही प्रमाणात वाचेल, एवढेच.

दुसरा मार्ग लांबचा आहे. आपला माल पर्यायी राहणारच नाही, असे काही करणे. लाकडी घाण्याचे करडईचे तेल शोधत येणारे शहरी गिऱ्हाईक पामतेलाचा भाव विचारत नाही; त्याच्या लेखी ती दोन तेले एका जातीची नव्हेतच. लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूर डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास त्या जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर आणि जालन्याची दगडी ज्वारी यांनाही ते मिळाले. मानांकन म्हणजे सरकारी कागदावरचा शिक्का. त्याने मोझांबिकची तूर बंदरावर अडत नाही. मिलमध्ये बोरसुरीची तूर इतर तुरीत मिसळली गेली, तर त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही. ती वेगळी दळावी लागेल, वेगळ्या पिशवीत बांधावी लागेल, आणि एका वर्षी कमी पिकली तर कमीच विकावी लागेल. दुसरी मिसळून भरती करण्याचा मोह टाळावा लागेल. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या दुकानात उभे असलेले गिऱ्हाईक ‘तुरीची डाळ द्या’ म्हणते की ‘बोरसुरीचीच द्या’ म्हणते, आणि शेजारच्या पिशवीवर तीस रुपये कमी लिहिलेले पाहूनही ते आपला हात मागे घेते की नाही, ते येत्या चार-सहा हंगामांत दिसेल.